ओहलांगेची शाळा : सातासमुद्रापलीकडच्या वर्गणीची गोष्ट

नामदार गोपाळ कृष्ण गोखले १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत गेले होते, हे आपल्याला शाळेच्या पुस्तकापासून ठाऊक आहे. तिथल्या हिंदी मजुरांवर लादलेला तीन पौंडांचा कर, जनरल बोथा आणि जनरल स्मट्स यांच्याशी झालेली बोलणी, आणि सगळ्या दौऱ्यात सावलीसारखे सोबत राहिलेले गांधीजी, एवढे त्या प्रवासाचे चित्र आपल्या मनात असते. या दौऱ्यातली एक लहानशी भेट मात्र आपल्याकडे फारशी आठवली जात नाही. दरबान शहराच्या उत्तरेला इनांडा नावाचा डोंगराळ ग्रामीण भाग आहे. तिथे ओहलांगे या ठिकाणी एका झुलू गृहस्थाची शाळा होती. नोव्हेंबर महिन्यात गोखले गांधीजींसह ती शाळा पाहायला गेले. मुलांनी त्यांना झुलू गाणी म्हणून दाखवली आणि संस्थापकांशी तिथल्या मूळ रहिवाशांच्या प्रश्नावर गोखल्यांचे बोलणे झाले.

ही भेट एवढ्यावरच आटोपली. पण गोखले त्या वर्षी कोणत्या मनःस्थितीत होते हे लक्षात घेतले तर तिचे मोल वाटते. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, असे विधेयक त्यांनी मार्च १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले होते. त्यांच्या हाताशी एक भक्कम दाखला होता आणि तो आपल्या बडोद्याचा. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो संपूर्ण राज्याला लागू केला. जे एका हिंदी संस्थानाला जमते ते ब्रिटिश सरकारला का जमू नये, हा गोखल्यांचा सवाल होता. मार्च १९१२ मध्ये ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. आपल्या पिढीला अपयशातूनच देशाची सेवा करावी लागेल, अशा आशयाचे त्यांचे त्या वेळचे उद्गार प्रसिद्ध आहेत. सरकारने शाळा काढायला नकार दिल्यावर आठ महिन्यांच्या आत हा शिक्षक, ज्याने उमेदीची वर्षे पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूल आणि फर्ग्युसन कॉलेजात तुटपुंज्या पगारावर काढली आणि सुटीत कॉलेजच्या इमारतीसाठी वर्गणी गोळा केली, तो अशा एका शाळेत उभा होता, जी सरकारने काढलेली नव्हती आणि कुणा श्रीमंताने एकरकमी देणगीतून बांधलेलीही नव्हती. ती शाळा मुख्यतः हजारो मैलांवरच्या सामान्य माणसांच्या वर्गणीवर उभी राहिली होती.

ती वर्गणी कशी जमली, ती जमवताना काय द्यावे लागले आणि त्यातून पुढे काय उभे राहिले, हे आम्हाला या अंकाच्या वाचकांपुढे ठेवावेसे वाटते. आपण सारेच वर्गणीवर वाढलेल्या संस्थांची माणसे आहोत. पिढ्यानपिढ्या महाराष्ट्राबाहेर राहून आपण उत्सव, वाचनालये आणि शाळा चालवल्या त्या याच बळावर. त्यामुळे ही गोष्ट दूरदेशीची असली तरी परकी वाटणार नाही.

शाळेच्या संस्थापकांचे नाव जॉन लांगालिबालेले डुबे. आडनाव ऐकून कुणाला आपले ग्वाल्हेर-इंदूरकडचे दुबे आठवतील, पण हे घराणे झुलूंमधल्या कादी जमातीच्या प्रमुखांचे. जॉन यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८७१ रोजी इनांडाच्या अमेरिकन मिशनमध्ये झाला. वडील जेम्स हे त्या मिशनने दीक्षा दिलेल्या पहिल्या काही झुलू पाद्र्यांपैकी एक. ते मुलाच्या लहानपणीच वारले. १८८७ साली विल्यम विलकॉक्स नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याबरोबर सोळा वर्षांचा जॉन अमेरिकेला गेला आणि ओहायो राज्यातल्या ओबर्लिन इथे मिळेल ते काम करीत शिकू लागला.

इथेच त्याने पैसे उभे करण्याचे पहिले धडे घेतले. १८९२ साली त्याने आपल्या मायभूमीविषयी इंग्रजीत एक छोटी पुस्तिका छापली. चर्चमध्ये व्याख्यान द्यायचे, झुलू लोक कसे राहतात, काय खातात, त्यांना काय हवे आहे ते सांगायचे आणि शेवटी पुस्तिका विकायची. एकवीस वर्षांच्या मुलाच्या मनात तेव्हाच शाळा होती. पुस्तिकेच्या विक्रीतून शाळा होत नाही, पण ऐकणाऱ्यांची नावे-गावे कळतात आणि पुढच्या वेळी कुणाचे दार ठोठवायचे ते समजते. ज्याने आपल्याकडे कधी पावतीपुस्तक घेऊन घरे पालथी घातली आहेत त्याला हे वेगळे सांगायला नको.

मायदेशी परतल्यावर १८९४ मध्ये डुबे यांचे नोकुटेला म्दिमा यांच्याशी लग्न झाले. नोकुटेलाही मिशनच्या शाळेत शिकलेल्या, स्वतः शिक्षिका आणि उत्तम गायिका. दोघांनी काही काळ नातालच्या आतल्या भागात धर्मप्रसार आणि शिक्षणाचे काम केले आणि १८९६ साली ते जोडीने पुन्हा अमेरिकेला गेले. ब्रुकलिनमध्ये दोघेही शिकले. डुबे यांनी पाद्रीपदाची दीक्षा घेतली, नोकुटेलांनी संगीताचे शिक्षण घेतले. याच मुक्कामात डुबे यांनी अलाबामातली टस्कीगी संस्था पाहिली आणि बुकर टी. वॉशिंग्टन यांची भेट घेतली.

टस्कीगीचे वैशिष्ट्य थोडक्यात सांगायला हवे. गुलामीत जन्मलेल्या वॉशिंग्टन यांनी १८८१ मध्ये पडक्या झोपडीत ही शाळा सुरू केली होती. मुलांनीच विटा भाजायच्या, मुलांनीच इमारती बांधायच्या, शेती करायची, सुतारकाम-लोहारकाम शिकायचे आणि जोडीला अक्षरओळख व गणित. विटांच्या भट्ट्या सुरुवातीला एकामागून एक फसल्या, पैसा संपला, तरी माघार नाही. काळ्या माणसाने काळ्या मुलांसाठी चालवलेली एवढी मोठी संस्था डुबे यांनी आयुष्यात प्रथमच पाहिली. दक्षिण आफ्रिकेत आफ्रिकन मुलांच्या ज्या शाळा होत्या त्या मिशनच्या. शिकवणारे आफ्रिकन असले तरी चालवणारे गोरे. आपली शाळा आपण चालवावी, हा विचार टस्कीगीत पक्का झाला.

मग पुढची दोन-तीन वर्षे अमेरिकेच्या पूर्व भागात या दांपत्याने अक्षरशः झोळी फिरवली. डुबे बोलत आणि नोकुटेला गात. त्यांच्या झुलू गाण्यांनी आणि सुस्पष्ट बोलण्याने श्रोते भारावून जात, असे त्या वेळच्या वृत्तांतांवरून दिसते. ब्रुकलिन-न्यूयॉर्कच्या सहानुभूतीदारांची एक समिती तयार झाली. एकदा दिलेले दान विसरले जाऊ नये, दरवर्षी काही ना काही येत राहावे, यासाठी अशी समिती लागते. देणाऱ्यांत धनिक होते, तसेच चर्चच्या थाळीत नाणे टाकणारेही होते. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण झुलूंमध्ये आहे की नाही ते सोडून देऊ, पण ओहलांगेचे तळे असेच साचले.

१८९९ मध्ये ते परतले आणि १९०० साली शाळा सुरू झाली. आधीचे नाव ‘झुलू ख्रिश्चन औद्योगिक शाळा’. पुढच्याच वर्षी ती ओहलांगेच्या नावाने ओळखली जाऊ लागली. कादी जमातीच्या प्रमुखांचा पाठिंबा होता, जवळपास २०० एकर जमीन हाती आली. सुतारकाम, चांभारकाम, शिवण, छपाई आणि शेती असे विषय पुस्तकी शिक्षणाच्या जोडीला होते. आफ्रिकन माणसाने स्थापन केलेली आणि त्यानेच चालवलेली ही दक्षिण आफ्रिकेतली पहिल्या संस्थांपैकी एक. १९०३ मध्ये डुबे यांनी ‘इलांगा लासे नाताल’ म्हणजे ‘नातालचा सूर्य’ हे झुलू-इंग्रजी वृत्तपत्र काढले. गांधीजींचे ‘इंडियन ओपिनियन’ही त्याच वर्षीचे.

योगायोग असा की, १९०० हेच साल आपल्याकडे एका माळरानावरच्या शाळेचे आहे. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये सुरू केलेला अनाथ बालिकाश्रम १९०० साली पुण्याबाहेर हिंगण्याला गेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी सहा एकर जागा आणि झोपडी बांधायला ७५० रुपये दिले होते. तिथे विधवांना शिकवायचे म्हणून समाजाचा रोष आणि इथे काळ्यांना शिकवायचे म्हणून सरकारचा संशय. दोन्हीकडे छप्पर कच्चे आणि चालकाचा अर्धा वेळ वर्गणीसाठी पायपीट करण्यात जाई. कर्वे आणि डुबे यांना एकमेकांचे नावही बहुधा ठाऊक नसावे. पण रोजच्या अडचणी मात्र एकमेकांना सांगितल्या असत्या तर भाषांतराची गरज पडली नसती.

आता या गोष्टीची अवघड बाजू. देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली, हे जगात कुठेही चुकत नाही. अमेरिकेतल्या गोऱ्या देणगीदारांना ‘औद्योगिक शिक्षण’ हा शब्द आवडत असे. काळ्या मुलांनी हाताला काम शिकावे, कष्टाळू व्हावे, यात त्यांना पुण्य दिसे. त्याच मुलांनी इतिहास शिकावा, कायदा वाचावा, मतदानाचा हक्क मागावा, हे त्यातल्या अनेकांना तितकेसे रुचणारे नव्हते. डुबे यांना दोन्ही हवे होते. त्यामुळे व्याख्यानात सुतारकामावर भर आणि शाळेत इतिहासालाही जागा, अशी कसरत त्यांना करावी लागे. मायदेशी उलटी अडचण. नातालच्या गोऱ्या वसाहतवाल्यांना अमेरिकेतून पैसा आणि कल्पना घेऊन आलेला शिकलेला झुलू म्हणजे बंडाचे बीज वाटे. १९०६ मध्ये बंबाथाच्या नेतृत्वाखाली कराविरुद्ध उठाव झाला. त्या वेळी ‘इलांगा’तल्या लिखाणावरून गव्हर्नरने डुबे यांना बोलावून घेतले आणि त्यांना जाहीर माघार घ्यावी लागली. शाळा बंद पडू द्यायची नसेल तर किती वेळा मान तुकवायची, हा हिशेब कुठल्याच पावतीपुस्तकात लिहिता येत नाही.

शिवाय परदेशी वर्गणीचा आणखी एक जाच असतो. ती आपोआप येत नाही, आणायला जावे लागते. शाळा सुरू झाल्यावरही डुबे यांच्या अमेरिकेच्या फेऱ्या चालूच राहिल्या. मागे शाळेचा भार धाकटा भाऊ चार्ल्स सांभाळी. तोही अमेरिकेतच शिकून आलेला. संस्थापक वर्षातले कित्येक महिने बोटीवर आणि परक्या शहरांच्या सभागृहांत आणि शाळेला मास्तर अपुरे, असे हे चक्र.

या चक्रातून थोडी सुटका केली ती गाण्याने. नोकुटेला मुलामुलींना गाणे शिकवीत, स्वयंपाक-शिवण शिकवीत. १९११ साली या पती-पत्नींनी झुलू गीतांचे पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे त्याच शाळेत शिकून तिथेच शिक्षक झालेले रूबेन कालुझा यांनी ओहलांगेच्या गायकवृंदाला शहरोशहरी नेले आणि कार्यक्रमांच्या उत्पन्नातून शाळेला हातभार लावला. आज दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रगीताचा भाग असलेले एनॉक सोंतोंगा यांचे ‘न्कोसी सिकेलेल इआफ्रिका’ हे गीत लोकप्रिय करण्यात ओहलांगेच्या मुलांचा मोठा वाटा आहे. मेळे आणि नाटकांच्या खेळांतून संस्था चालवण्याची रीत आपल्या मंडळींना काही नवी नाही. फरक इतकाच की, इथे खुद्द मुलांनी आपल्या शाळेसाठी गायले आणि ऐकणाऱ्यांत आता त्यांचेच देशबांधव होते. अमेरिकेतली वर्गणी हळूहळू घरच्या वर्गणीला वाट करून देऊ लागली.

आता पुन्हा १९१२ कडे वळू. त्या वर्षाच्या जानेवारीत ब्लूमफाँटेन इथे दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकन लोकांची राष्ट्रीय काँग्रेस स्थापन झाली. तीच पुढची आफ्रिकन नॅशनल काँग्रेस. पहिले अध्यक्ष म्हणून डुबे यांची निवड झाली, तीही त्यांच्या गैरहजेरीत. म्हणजे गोखले ओहलांगेला गेले तेव्हा ते एका गावच्या हेडमास्तरला भेटत होते आणि त्याच वेळी एका नव्या राष्ट्रीय चळवळीच्या अध्यक्षालाही.

ओहलांगेपासून गांधीजींचा फिनिक्स आश्रम पायी जाण्याच्या अंतरावर होता. १९०४ साली शंभर एकर जागेवर तो सुरू झाला. १९०५ मध्येच गांधीजींनी डुबे यांचे भाषण ऐकून ‘इंडियन ओपिनियन’मध्ये त्यांच्याविषयी गौरवाने लिहिले होते. तरीही दोन शेजाऱ्यांच्या चळवळी वेगवेगळ्याच चालल्या. गांधीजींचा लढा हिंदी लोकांपुरता होता. डुबे यांच्या ‘इलांगा’तही हिंदी व्यापाऱ्यांविषयी कडवट सूर उमटत असे. हे कटू असले तरी खरे आहे. आपल्या लोकांच्या गौरवग्रंथात ते झाकून ठेवण्याची गरज नाही. सातासमुद्रापलीकडून पैसा हिंदी लोकांच्या लढ्यालाही येत होता. रतन टाटा यांनी १९०९ मध्ये सत्याग्रहासाठी २५,००० रुपये दिले, पुढेही दिले, आणि १९१३ च्या मोठ्या लढ्याच्या वेळी गोखल्यांनी प्रकृती ढासळलेली असतानाही हिंदुस्थानभर निधीसाठी जीव टाकला. एकाच टेकाडाच्या दोन बाजूंना एकाच काळी दोन वेगवेगळ्या खंडांतून मदत येत होती, पण ती आपापल्या माणसांपुरती. गोखल्यांची ती छोटी भेट या दोन वाटांमधली एक पायवाट होती.

त्याच दौऱ्यातली एक गोष्ट खास आपल्यासाठी. जोहान्सबर्गला हिंदी लोकांच्या सभेत गोखल्यांनी इंग्रजीत न बोलता मराठीत बोलावे, असा गांधीजींनी आग्रह धरला. तिथे कोकणी मुसलमान आणि मराठी हिंदू बऱ्यापैकी होते. भाषांतर आपण हिंदुस्थानीत करू म्हणाले. तुम्ही मराठी कधी शिकलात, म्हणून गोखल्यांनी त्यांची थट्टा केली, पण आग्रह मानला. तेव्हापासून थेट झांझिबारपर्यंत केवळ हिंदी लोकांच्या सभांत गोखले मराठीत बोलत राहिले आणि गांधीजी दुभाषे झाले. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मराठीतून राजकीय व्याख्याने झाली आहेत, हे आपल्या मुलांना सांगण्यासारखे आहे.

पुढच्याच वर्षी, जून १९१३ मध्ये, दक्षिण आफ्रिकेत जमिनीचा कायदा आला. बहुसंख्य आफ्रिकन जनतेच्या वाट्याला देशातली सुमारे ७ टक्के जमीन ठेवण्यात आली आणि राखीव क्षेत्राबाहेर जमीन विकत घेणे त्यांना बंद झाले. १९१४ मध्ये डुबे शिष्टमंडळ घेऊन लंडनला गेले आणि रिकाम्या हाताने परतले. ओहलांगेची जमीन या कायद्याच्या आधीच हाती आली होती. दहा-पंधरा वर्षांचा उशीर झाला असता तर शाळेला पाय रोवायलाही जागा मिळणे कठीण झाले असते. वर्गणीचा पैसा वेळेवर येण्याला किती अर्थ असतो तो असा.

त्याच १९१४ साली अल्बर्ट लुथुली नावाचा मुलगा ओहलांगेत दाखल झाला. दोन सत्रे तिथे काढून तो पुढच्या शिक्षणासाठी दुसरीकडे गेला. हेच पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि १९६० सालचे नोबेल शांतता पारितोषिक त्यांना मिळाले. ब्रुकलिनच्या चर्चमध्ये थाळीत नाणे टाकणाऱ्या कुणा बाईला ते नाणे कुठवर गेले हे कधी कळले नसेल.

आपल्याकडे याच्या उलट दिशेने गेलेल्या प्रवासाचीही नोंद आहे. महर्षी कर्वे यांनी सत्तरी ओलांडल्यावर, १९२९ ते १९३२ या काळात, महिला विद्यापीठासाठी जगभर दौरा केला. युरोप, अमेरिका, जपान झाले आणि नंतर आफ्रिका. केनिया, युगांडा, टांगानिका, झांझिबार, मोझांबिक, दक्षिण आफ्रिका. तिथल्या हिंदी दुकानदार-नोकरदारांनी पुण्या-मुंबईच्या मुलींच्या शिक्षणासाठी पैसे दिले. म्हणजे एका काळी अमेरिकेचा पैसा आफ्रिकेच्या खेड्यात शाळा बांधत होता आणि दुसऱ्या काळी आफ्रिकेतला पैसा महाराष्ट्रातल्या मुलींना शिकवत होता. कर्व्यांना ही युक्ती तरुणपणीच सुचली होती. गाव सोडून नोकरीला गेलेल्या मुरूडकरांनी मिळकतीचा छोटासा ठरावीक भाग गावासाठी द्यावा, असा ‘मुरूड फंड’ त्यांनी काढला होता. गुजरातमध्येही हे वेगळे घडले नाही. जुन्या बडोदे राज्यातल्या चरोतरच्या गावांतून कितीतरी कुटुंबे पूर्व आफ्रिकेत गेली आणि त्यांच्या कमाईतून गावाकडच्या शाळा उभ्या राहिल्या. पेटलाद-सोजित्र्याच्या बाजूला फिरणाऱ्या आपल्या मंडळींनी त्या पाट्या वाचल्या असतील.

ओहलांगेच्या शेवटाकडे येताना एक दुःखाची गोष्ट सांगणे भाग आहे. ज्या नोकुटेलांच्या गळ्यावर ही वर्गणी जमली, त्या आयुष्याची शेवटची काही वर्षे पतीपासून दूर राहिल्या आणि जानेवारी १९१७ मध्ये जोहान्सबर्गला वारल्या. मूलबाळ नव्हते. कबरीवर दगड नव्हता. दफनभूमीच्या नोंदवहीत नुसता क्रमांक होता. पुढची जवळपास शंभर वर्षे शाळेचा इतिहास सांगताना एकट्या जॉन डुबे यांचे नाव घेतले जाई. अखेर मालीत जन्मलेले आणि अमेरिकेत शिकवणारे प्राध्यापक शेरीफ केइता यांनी त्यांचा शोध घेतला, त्यांच्यावर चित्रपट केला आणि २०१३ मध्ये त्या कबरीवर नावाचा दगड बसला. आपल्या संस्थांच्या जुन्या अहवालांतही कार्यकारिणीच्या छायाचित्रात पुरुष बसलेले दिसतात आणि हळदीकुंकवाच्या निमित्ताने घरोघर फिरून ज्यांनी निम्मा निधी जमवला त्या बायकांची नावे सापडत नाहीत. ती शोधायला शंभर वर्षे लागू नयेत.

डुबे ११ फेब्रुवारी १९४६ रोजी वारले आणि ओहलांगेलाच त्यांची समाधी आहे. त्यानंतरचा काळ वर्णद्वेषी राजवटीचा. इनांडाने फार सोसले. ऑगस्ट १९८५ मध्ये तिथे दंगली उसळल्या, अनेक हिंदी कुटुंबांना घरे सोडावी लागली आणि फिनिक्स आश्रमाचीही जाळपोळ झाली. १९१२ ची ती पायवाट किती अरुंद राहिली होती हे त्या आगीने दाखवले. पण शाळा राहिली. २७ एप्रिल १९९४ रोजी दक्षिण आफ्रिकेत सर्वांना मताधिकार असलेली पहिली निवडणूक झाली तेव्हा नेल्सन मंडेला यांनी आपले मत टाकण्यासाठी देशातल्या हजारो मतदान केंद्रांमधून ओहलांगेची शाळा निवडली. मत दिल्यावर ते डुबे यांच्या समाधीपाशी गेले आणि देश स्वतंत्र झाल्याची खबर त्यांनी पहिल्या अध्यक्षांना दिली.

आज आपल्यातल्या अनेकांची मुले परदेशी आहेत. तिथली मराठी मंडळे इथल्या आश्रमशाळांना, वसतिगृहांना मदत पाठवतात. आपली मंडळेही उत्सवातला शिल्लक निधी एखाद्या खेड्यातल्या शाळेला देतात. हे चांगलेच आहे. ओहलांगेची हकीकत वाचताना आम्हाला वाटते की, देताना आपण काही प्रश्न स्वतःला विचारावेत. शाळेत काय शिकवावे हे तिथल्या शिक्षकांनी ठरवावे की आपल्याला फोटोत काय चांगले दिसते त्यावरून ठरावे? दर वर्षी मुख्याध्यापकाला आपल्या दाराशी यावे लागते का, की तीन-चार वर्षांचे वचन एकदम देऊन त्याला वर्गात राहू देता येईल? मदत संपल्यावर गावाची स्वतःची वर्गणी सुरू होईल अशी काही सोय आपण करतो का? कालुझांच्या गायकवृंदाने केले तसे? आणि आपण ज्यांना देतो त्यांच्या शेजारी जे राहतात, त्यांच्या मुलांकडे आपली नजर जाते का?

गोखले विधेयक हरले, पण मरेपर्यंत शाळांविषयी बोलत राहिले. मान तुकवून, हात पसरून, कधी गाऊन डुबे यांनी एक शाळा टिकवली. तिचे दरवाजे आजही उघडे आहेत. इनांडाची मुले आजही तिथे शिकतात.